हवा नाही, पाऊस नाही, तरी चंद्राची माती काळवंडते कशी?

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की सिमरोलच्या पुढे घाट लागतो. रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यांमध्ये तिथे काळा पाषाण उघडा पडला आहे. खाली घट्ट दगड, त्याच्यावर ठिसूळ, तांबूस-पिवळा मुरूम आणि सगळ्यात वर शेताची काळी माती. माळव्यातल्या कुठल्याही जुन्या विहिरीत डोकावलं तरी हाच क्रम दिसतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यातलाच हा उत्तरेकडचा भाग. त्या बेसॉल्टचा मुरूम झाला आणि मुरुमाची माती झाली ती पावसाने, हवेने, उन्हाने आणि झाडांच्या मुळांनी. शाळेच्या भूगोलात यालाच विदारण म्हणतात.

चंद्रावर नुसत्या डोळ्यांनी जे काळे डाग दिसतात तेही बेसॉल्टच आहेत. आपल्या घाटातल्या दगडाचे ते दूरचे भाऊबंद, फक्त वयाने फार थोरले. बहुतेकांचं वय ३०० ते ४०० कोटी वर्षांचं. तिथे पाऊस पडत नाही, वारा वाहत नाही, गवताची काडी उगवत नाही. म्हणजे दगडाचं विदारण करणारं, आपल्या ओळखीचं काहीच तिथे नाही. मग अब्जावधी वर्षांनंतरही तो दगड जसाच्या तसा राहायला हवा होता.

पण तसं झालेलं नाही. चंद्राच्या सपाट मैदानांवर चार-पाच मीटर जाडीचा भुग्याचा थर आहे आणि डोंगराळ भागांत तो दहा-पंधरा मीटरपर्यंत जातो. १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर तिथली माती आणि दगड घेऊन परतले, तेव्हा प्रयोगशाळेत एक विचित्र गोष्ट लक्षात आली. कुठलाही दगड कुटला की त्याची पूड मूळ दगडापेक्षा फिकी दिसते. चंद्राचा दगड कुटला तेव्हाही तसंच झालं. मात्र शेजारीच पडलेली, त्याच दगडापासून झालेली नैसर्गिक माती त्या पुडीपेक्षा कितीतरी काळी होती. म्हणजे तिथे दगडाचं नुसतं पीठ होत नव्हतं, आणखी काहीतरी घडत होतं. हे आणखी काहीतरी म्हणजेच अवकाशी विदारण. चंद्र, बुध, लघुग्रह अशा हवेचं पांघरूण नसलेल्या सगळ्या जगांना ते लागू आहे.

पृथ्वीवर दगडातलं लोखंड हवेतला आणि पाण्यातला ऑक्सिजन घेऊन गंजत जातं, मुरुमाचा तांबूस रंग त्यातूनच येतो. चंद्रावर हेच लोखंड उलट्या दिशेने जातं. दगडात असताना ते ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. अवकाशाचा मारा हा बंध तोडतो, ऑक्सिजन निघून जातो आणि शुद्ध, धातुरूप लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मागे उरतात. खडक तोच, पण आपल्याकडे त्याचा गंज होतो आणि तिथे धातू. मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. पुढचं जवळजवळ सगळं यातूनच उलगडतं.

हा मारा मुख्यतः दोन प्रकारचा असतो.

पहिला मारा सूक्ष्म उल्कांचा. वाळूच्या कणाहूनही लहान धुळीचे कण सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने येऊन आदळतात. या वेगाने इंदूरहून देवास दोन-तीन सेकंदांत गाठता येईल. पृथ्वीकडे येणारे असे कण वातावरणातच थांबतात, त्यातले थोडे मोठे रात्री तुटत्या ताऱ्यासारखे दिसतात. चंद्रावर अडवायला कोणी नाही. कण थेट मातीवर पडतो आणि पडतो त्या जागी क्षणभर दगड वितळण्याइतकीच काय, वाफ होण्याइतकी उष्णता निर्माण होते. वितळलेला भाग आजूबाजूचे बारीक कण कवेत घेऊन लगेच थिजतो, जशी गुळाच्या पाकात दाणे अडकून चिक्की व्हावी तशी. फरक इतकाच की इथे पाक काचेचा असतो. चंद्राच्या जुन्या, मुरलेल्या मातीत काही ठिकाणी निम्म्याहून अधिक कण असे काचेने सांधलेले आहेत.

त्याहून महत्त्वाचं काम वाफ करते. दगडाची वाफ झाली की लोखंड आणि ऑक्सिजन यांची ताटातूट होते. हलका ऑक्सिजन अवकाशात निसटतो आणि जड लोखंड शेजारच्या कणांवर जाऊन बसतं. असा थरावर थर चढत प्रत्येक कणाभोवती एक पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी. या पापुद्र्यात लोखंडाचे थेंब विखुरलेले असतात, त्यातले कित्येक दहा नॅनोमीटरपेक्षाही लहान.

ही कल्पना पटायला बराच काळ गेला. नवी विवरं उजळ दिसतात आणि जुनी काळवंडलेली, म्हणजे चंद्राचा पृष्ठभाग काळाबरोबर काळा पडत असला पाहिजे, असं थॉमस गोल्ड यांनी १९५५ मध्येच सुचवलं होतं. अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस हॅपके यांनी १९७० च्या दशकात वाफेतून बसणाऱ्या लोखंडाची कल्पना मांडली. पण तेव्हा अनेकांना काचेचे सांधलेले कणच या काळेपणाला पुरेसे वाटत होते. वाफेचा थर कुणी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता, इतका बारीक थर पाहण्याची सोयच फारशी नव्हती. अखेर १९९३ मध्ये लिंडसे केलर आणि डेव्हिड मॅके यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चंद्राच्या कणांवरचे हे पापुद्रे दाखवून दिले. हॅपके यांना वीस वर्षं वाट पाहावी लागली. त्यांनी हट्ट सोडला नाही याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता दुसरा मारा. सूर्यातून सतत बाहेर वाहणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह म्हणजे सौरवारा. त्यातले बहुतेक कण हायड्रोजनची केंद्रकं, म्हणजे प्रोटॉन. थोडे हेलियमचे आणि बाकीच्या मूलद्रव्यांचे अगदी किरकोळ. त्यांचा वेग साधारणपणे सेकंदाला ४०० किलोमीटर, म्हणजे सूर्यापासून इथवर यायला त्यांना चारेक दिवस लागतात. आपल्याला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि त्याखालची हवा वाचवते. चंद्रावर हे कण थेट मातीत घुसतात, पण अगदी वरवर, काही दशक नॅनोमीटर खोल. तेवढ्याने खनिजाची स्फटिकरचना मोडते, काही अणू बाहेर उडतात आणि काही वेळा लोखंडावरचा ऑक्सिजनही सुटतो. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ॲल्युमिनियमचा एक पातळ पत्रा उन्हात टांगून ठेवला होता. ७७ मिनिटांनी तो गुंडाळून परत आणला, तर त्यात सौरवाऱ्याचे कण अडकलेले सापडले. तासा-सव्वातासात हे घडतं. चंद्राच्या मातीने असा मारा कोट्यवधी वर्षं खाल्ला आहे.

या गोष्टीत भारताचा वाटा मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. चांद्रयान-१ वर सारा नावाचं एक उपकरण होतं, स्वीडन आणि भारत यांच्या सहकार्यातून झालेलं. सौरवाऱ्याचे प्रोटॉन चंद्राच्या मातीत पूर्णपणे शोषले जातात, असं तोवर मानलं जात होतं. साराने दाखवलं की त्यातले वीस टक्क्यांपर्यंत प्रोटॉन माती परत फेकते आणि तेही विद्युतभार गमावलेल्या हायड्रोजन अणूंच्या रूपात. त्याच यानावरच्या एका अमेरिकन वर्णपटमापकाने, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाने, चंद्राच्या मातीत पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोडीच्या) खुणा टिपल्या. २००९ मध्ये ही बातमी जगभर गाजली. यातला बराचसा हायड्रॉक्सिल सौरवाऱ्यातूनच येतो असं समजतात. प्रोटॉन मातीत रुतला, खनिजातला ऑक्सिजन त्याला भेटला की दोघांची जोडी जमते. म्हणजे जो मारा दगडाला काळवंडवतो, तोच तिथे पाण्याची सामग्रीही तयार करतो.

एवढ्याशा लोखंडाने सगळा रंग कसा बदलतो, हा प्रश्न स्वाभाविक आहे. वजनाने पाहिलं तर हे लोखंड मातीच्या एक टक्क्याहूनही कमी असतं. पण ते प्रत्येक कणाच्या अंगावर बसलेलं असतं आणि प्रकाशाची गाठ आधी अंगाशीच पडते. अतिशय बारीक कण निळा प्रकाश जास्त आणि लाल प्रकाश कमी शोषतात, त्यामुळे माती काळी होतेच आणि थोडी लालसरही. हा लालसरपणा उपकरणांना कळतो, आपल्या डोळ्यांना फारसा नाही. कण चाळीस-पन्नास नॅनोमीटरपेक्षा मोठे झाले की लाल छटा जाते, नुसता काळेपणा उरतो. आणखी एक नुकसान होतं, जे खगोलशास्त्रज्ञांना जास्त छळतं. प्रत्येक खनिज काही ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतं. दुर्बिणीतून या खुणा ओळखूनच लाखो किलोमीटरवरच्या दगडात काय आहे ते सांगता येतं. लोखंडाच्या पापुद्र्याखाली या खुणा पुसट होतात.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना घरात साधी दुर्बीण असेल तर ती चंद्राच्या तळाकडच्या, म्हणजे दक्षिण भागाकडे वळवा. तिथे एका विवरातून चहूकडे पांढरे पट्टे फाकलेले दिसतील, काही पट्टे तर चंद्राच्या पार दुसऱ्या बाजूपर्यंत गेलेले. ते विवर टायको. त्याचं वय सुमारे ११ कोटी वर्षं. विवर झालं तेव्हा खालचा ताजा खडक उसळून दूरवर पडला, तोच पांढरा दिसतो. अकरा कोटी वर्षं अवकाशी विदारणाला पुरेशी नाहीत, म्हणून पट्टे अजून उजळ आहेत. सुमारे ८० कोटी वर्षांच्या कोपर्निकस विवराचे पट्टे त्या मानाने फिके पडलेत. त्याहून जुन्या बहुतेक विवरांचे पट्टे पार विरून गेले, विवरं तेवढी उरली. आपल्याकडचं लोणार यापुढे काहीच नाही, पाच-सहा लाख वर्षांचं. पण त्याची कड पावसाने धुपली, तळाशी सरोवर झालं, उतारावर रान माजलं. टायकोसमोर ते अगदी तान्हं, तरी दिसायला जास्त थकलेलं.

विदारण एकसारखंच चालतं असंही नाही. उडालेल्या बारीकसारीक मातीचा सडा पुन्हा पुन्हा पडून वरची माती सतत खालीवर होत असते. एलआरओ या अमेरिकन यानाने काढलेल्या आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरून वरचे दोनेक सेंटिमीटर सुमारे ८० हजार वर्षांत उलथेपालथे होतात असा अंदाज निघाला, आधी समजत होतो त्याच्या शंभरपट वेगाने. त्यामुळे काळवंडलेले कण खाली जातात, नवे वर येतात आणि पुढे तेही काळवंडतात.

चंद्रावर काही ठिकाणी पांढरी, वळणावळणाची नक्षी दिसते. राइनर गॅमा ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. ना तिथे डोंगर, ना खड्डा, नुसता रंग. अशा बऱ्याच जागी खडकात स्थानिक चुंबकत्व आढळलं आहे. ते सौरवाऱ्याला थोडंफार अडवतं, म्हणून तिथली माती तरुण दिसते, हे स्पष्टीकरण आज सर्वांत जास्त मानलं जातं. पौर्णिमेची गोष्ट आणखी वेगळी. त्या सुमारास काही दिवस चंद्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या लांब शेपटीतून जातो आणि सौरवारा त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. उलट पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरातून निसटलेला ऑक्सिजन या शेपटीतून चंद्रापर्यंत जातो. २०२० मध्ये चांद्रयान-१ च्याच नोंदी पुन्हा तपासताना चंद्राच्या ध्रुवांकडच्या भागात हेमॅटाइट सापडलं, म्हणजे एक प्रकारचा गंजच. जिथे लोखंडाचा धातू व्हायला हवा तिथे गंज कसा? त्यात पृथ्वीवरून गेलेल्या ऑक्सिजनचा हात असावा, असं ते शोधणाऱ्यांचं म्हणणं आहे.

आता लघुग्रहांकडे येऊ, कारण अवकाशी विदारणाने सर्वांत जुनं कोडं सोडवलं ते तिथलं. पृथ्वीवर पडताना पाहिलेल्या उल्कापाषाणांतले सुमारे ८० टक्के एकाच जातीचे, साधे कॉन्ड्राइट. २०१२ मध्ये नागपूरजवळच्या काटोलला पडलेला आणि १९७६ मध्ये सौराष्ट्रातल्या धजाळाला पडलेला, दोन्ही याच जातीचे. इतके दगड येतात म्हणजे त्यांचे लघुग्रहही ढिगाने असायला हवेत. पण दुर्बिणीतून पाहिलं तर हुबेहूब तसा वर्णपट असलेले लघुग्रह फारच थोडे. त्याऐवजी एस वर्गाचे, म्हणजे दगडी, लघुग्रह मुबलक आणि त्यांचा रंग या दगडांपेक्षा लाल. वर्षानुवर्षं वाद चालला. उल्कापाषाण खाली येताना त्याचं बाहेरचं अंग वितळून जातं, म्हणून संग्रहालयातल्या दगडावर अवकाशाचा हा पापुद्रा सापडत नाही. आणि दुर्बिणीला पापुद्र्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. एक गट दगड पाहत होता, दुसरा त्याची कातडी.

जपानच्या हायाबुसा यानाने हा वाद मिटवला. जून २०१० मध्ये ते इतोकावा या जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीच्या एस वर्गाच्या लघुग्रहावरून धुळीचे दीडेक हजार कण घेऊन आलं. यानाची इंजिनं बिघडली होती, संपर्क तुटला होता, नमुना घेणारी यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली नव्हती. तरी हे कण आले. आतून ते साध्या कॉन्ड्राइटसारखेच निघाले आणि त्यांच्या अंगावर लोखंडाचा तो अतिसूक्ष्म पापुद्रा होता.

सगळीकडे हीच कथा चालत नाही, हेही सांगायला हवं. वेस्टा या मोठ्या लघुग्रहावर डॉन यानाला असं लोखंड जवळजवळ दिसलं नाही, तिथला रंग मुख्यतः बाहेरून पडलेल्या काळ्या द्रव्याच्या मिसळीने बदलतो. बुधावर मारा चंद्रापेक्षा कितीतरी जोराचा, पण मातीत लोखंड फार कमी आणि काळेपणात ग्रॅफाइटचा मोठा हात. र्‍यूगू या कार्बनयुक्त लघुग्रहाच्या कणांत आतली खनिजं पाणी धरून आहेत, तर वरच्या पापुद्र्याचं पाणी उडालेलं. बेन्नू हा लघुग्रह काळाबरोबर निळसर होत जातो, म्हणजे चंद्राच्या अगदी उलट. ज्या दगडात जे आहे त्यावर परिणाम ठरतो. चंद्रावर लोखंड नेमकं कसं सुटतं यावरही अजून एकमत नाही. चीनच्या चांग-ई-५ यानाने चंद्रावरून आणलेल्या मातीवरून, आघातात काचेच्या आतच लोखंडाचे अणू आपसात इलेक्ट्रॉन वाटून घेतात आणि त्यातले काही धातू होतात, असाही मार्ग पुढे आला आहे.

हे सगळं प्रयोगशाळेत पडताळायचं तर सूक्ष्म उल्का आणणार कुठून? तिथे लेसर कामाला येतो. जपानी संशोधकांनी ऑलिव्हिन या खनिजाच्या पुडीवर नॅनोसेकंदांच्या लेसर स्पंदांचा मारा केला. सूक्ष्म उल्का आदळल्यावर पोचते तशी उष्णता त्यातून मिळाली, पूड काळवंडून लालसर झाली आणि तिच्यात नॅनो लोखंड सापडलं. ते संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. इतोकावा आणि र्‍यूगूचे कण जपानच्या स्प्रिंग-८ या सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून प्रखर क्ष-किरण काढणाऱ्या यंत्राच्या, क्ष-किरणांखाली न फोडता आतून तपासले गेले. लेसर आणि सिंक्रोट्रॉन ही दोन्ही साधनं आपल्या इंदुरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहेत. इंडस-२ हा आपल्या देशातला सिंक्रोट्रॉन तिथलाच. माळव्यातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे माहीत असावं, असं मला फार वाटतं. आपल्या पायाखालचा दगड चंद्राच्या दगडाचा नातेवाईक आहे आणि तो तपासण्याची यंत्रं शहराच्या हद्दीत आहेत.

लघुग्रहांच्या कोड्याचा एक धागा मात्र अजून हातात आहे. सौरवाऱ्याने लघुग्रहाचा पृष्ठभाग दहा लाख वर्षांच्या आतच लाल होतो, असे अंदाज आहेत. मग पृथ्वीच्या आसपास फिरणारे काही लहान लघुग्रह अजून ताजे कसे दिसतात? २०१० मध्ये एका अभ्यासगटाने दाखवलं की असे ताजे लघुग्रह गेल्या काही लाख वर्षांत पृथ्वीच्या बरेच जवळून गेलेले असू शकतात. पृथ्वीच्या ओढीने त्यांची माती हलली असेल, खालची वर आली असेल. हे ताडून पाहायची संधी १३ एप्रिल २०२९ ला येते आहे. अपोफिस नावाचा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, आपल्या भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून. तो एस वर्गाच्याच कुळातला. बेन्नूची माती पृथ्वीवर टाकून पुढे निघालेलं अमेरिकन यान आता ओसायरिस-एपेक्स या नव्या नावाने त्याच्याकडे चाललं आहे. भेटीनंतर ते त्याच्याजवळ राहून पृष्ठभाग पाहील. शेवटी खूप खाली उतरून इंजिनाच्या झोताने माती उडवेल आणि वरच्या मातीचा वर्णपट खालच्या मातीशी ताडून बघेल.